मेमध्ये बदली, जूनमध्ये फॉर्मेटर: महाराष्ट्र आणि गोव्यातील बिशप व प्रोव्हिन्शियल (धर्मसंघांचे प्रांतप्रमुख) यांना खुले पत्र

आदरणीय महागुरुस्वामी आणि आदरणीय प्रोव्हिन्शियल फादर,

येशू ख्रिस्तामध्ये सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात धर्मगुरूंच्या बदल्यांची यादी लागते. एखाद्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) चार-पाच वर्षे मनापासून राबलेल्या फादरांच्या नावापुढे ‘सेमिनरी, प्रशिक्षक’ असे लिहून येते. निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ होते, पुस्तकांची खोकी टेम्पोत चढतात आणि जूनमध्ये तेच फादर वीस-पंचवीस ब्रदरांसमोर, म्हणजे धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत शिकणाऱ्या तरुणांसमोर, त्यांचे फॉर्मेटर, म्हणजे त्यांना घडवणारे प्रशिक्षक, म्हणून उभे राहतात. मधल्या चार-पाच आठवड्यांत त्यांच्या हाती काय पडते? एक खोली, एक वेळापत्रक आणि आधीच्या फादरांनी ठेवलेली फायलींची थप्पी. आमचे हे पत्र त्या चार-पाच आठवड्यांविषयी आहे.

आम्ही सेमिनरीच्या घडणीच्या कामाशी जवळून संबंध असलेले काही फादर, सिस्टर आणि प्रापंचिक समुपदेशक आहोत. राशोल, गोरेगाव, पुणे, नागपूर, नाशिक यांपैकी कोणत्याही एका घरावर बोट ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. अडचण सगळीकडे सारखीच आहे, आणि ती घरात निर्माण होत नाही. ती आपल्या टेबलावर, बदल्यांच्या यादीत निर्माण होते.

सेमिनरीत बायबल शिकवायला कोणी हवे असेल तर आपण एका फादरांना रोमला पाठवतो. हिब्रू, ग्रीक आणि लायसेन्शिएट ही पदवी मिळून तीन-चार वर्षे जातात. धर्मग्रामात माणूस कमी पडतो, तरी आपण ते सोसतो. कॅनन कायद्याच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, प्राध्यापकाचेही तसेच. पण समोरचा तरुण वेदीपुढे उभा राहण्यास योग्य आहे की नाही याबद्दल जो आपल्याला सल्ला देणार, त्याला मात्र आपण ‘फादर चांगले आहेत, मुलांत मिसळतात’ एवढ्या भांडवलावर पाठवतो. चांगला धर्मगुरू असणे ही या कामाची पहिली अट आहे. तिथे तयारी सुरू होते, संपत नाही.

धर्मसभेला हे नव्याने सांगायची गरज नाही. ट्रेंट परिषदेने १५ जुलै १५६३ रोजी धर्मप्रांतांनी सेमिनऱ्या काढाव्यात असा ठराव केला, आणि त्या चालवणार कोण हा प्रश्न लगेच उभा राहिला. पुढच्या शतकात पॅरिसमध्ये जाँ-जाक ओलिए यांनी धर्मगुरू घडवणे हेच काम असलेला सुल्पिशियन संघ काढला आणि त्यात येणाऱ्या धर्मगुरूंसाठी तयारीचे एक वेगळे वर्ष ठेवले. त्याला ते ‘सॉलिट्यूड’, म्हणजे एकान्त म्हणत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या ‘ओप्टाटम टोटियस’ या धर्मगुरूंच्या प्रशिक्षणावरील आदेशात सांगितले की प्रशिक्षक सर्वांत चांगल्या माणसांतून निवडावेत आणि त्यांची ठोस शिक्षण, धर्मग्रामाचा अनुभव आणि खास आध्यात्मिक व शैक्षणिक तयारी करून घ्यावी. १९९३ मध्ये तर केवळ सेमिनरीच्या प्रशिक्षकांच्या तयारीवर रोमहून स्वतंत्र मार्गदर्शिका निघाली. ८ डिसेंबर २०१६ च्या ‘रात्सिओ फुन्दामेन्तालिस’ने, म्हणजे धर्मगुरूंच्या घडणीच्या रोमच्या मूळ आराखड्याने, पुन्हा तेच सांगितले. म्हणजे कागद भरपूर आहे. आपल्याकडे तो कपाटात आहे.

निवडीपासून सुरुवात करू. तीन प्रकारची माणसे फॉर्मेटर म्हणून नेमली जातात आणि तिन्ही वेळा पस्तावायची पाळी येते. पहिला, धर्मग्रामात ज्यांचे कोणाशी पटले नाही आणि ज्यांना ‘थोडे दिवस शांत ठिकाणी’ ठेवायचे आहे. दुसरा, नुकतीच डॉक्टरेट करून आलेला, ज्याला वर्ग हवा असतो पण ब्रदरच्या खोलीबाहेर पडलेल्या चपलांवरून काही कळत नाही. तिसरा सर्वांत कठीण, कारण तो लोकप्रिय असतो. त्याला मुलांनी आपल्याभोवती असावे असे वाटते. दोन वर्षांत त्याचा एक गट तयार होतो, ‘फादरांची माणसे’, आणि उरलेले ब्रदर त्या गटाकडे बघून आपले वागणे बेतू लागतात. या तिसऱ्या फादरांत वाईट काही नसते. स्वतःचा एकटेपणा कसा भागवायचा हे त्यांना कोणी कधी विचारलेले नसते, इतकेच.

म्हणून आमची पहिली मागणी अशी की फॉर्मेटरचे नाव निदान अठरा महिने आधी ठरावे आणि त्यांना विचारून ठरावे. आज्ञेखाली धर्मग्राम चालवता येतो. दुसऱ्याचे मन ऐकायचे काम आज्ञेखाली होत नाही. धर्मग्रामाचा निदान पाच वर्षांचा अनुभव असावा आणि त्यातले थोडे तरी सहायक म्हणून असावे, कारण दुसऱ्याच्या हाताखाली काम करताना काय सलते हे ज्याला आठवते, त्याला ब्रदरांचे गप्प बसणे वाचता येते.

हे अठरा महिने आमच्या हिशेबाने तीन तुकड्यांत पडतात. पहिले तीन महिने स्वतःसाठी: लोयोलाच्या संत इग्नेशियसची तीस दिवसांची आध्यात्मिक साधना, आणि दर आठवड्याला एका अनुभवी मार्गदर्शकाकडे बैठक. या बैठकीत फादरांनी स्वतःचे घर, बाप, दारू, पैसा, मैत्री, राग आणि ब्रह्मचर्य यांबद्दल बोलायचे असते. हे आधी झाले नाही तर ब्रदर जेव्हा त्याच विषयांवर बोलू लागतो, तेव्हा फॉर्मेटर नकळत विषय बदलतो. वयाने मोठे, प्रार्थनाशील फादरही बदलतात.

नंतरचे पाच महिने अभ्यासाचे. यासाठी दर वेळी रोम गाठायला हवे असे नाही. ग्रेगोरियन विद्यापीठात फॉर्मेटरांसाठीच वेगळे केंद्र आहे, आणि दर काही वर्षांनी एकाला तिथे जरूर पाठवावे. पण आपल्या दाराशीही सोय आहे. अँथनी डिमेलो यांनी सुरू केलेली साधना इन्स्टिट्यूट लोणावळ्याला आहे, पुण्यात तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान (थिऑलॉजी) शिकवणारी ज्ञानदीप ही संस्था आहे. या महिन्यांत शिकायच्या गोष्टी थोड्या पण पक्क्या हव्यात. ऐकण्याचे तंत्र. माणसाच्या वाढीचे टप्पे, विशेषतः अठरा ते अठ्ठावीस. नैराश्य, व्यसन आणि पोर्नोग्राफीची सवय कशी ओळखायची आणि डॉक्टरकडे केव्हा पाठवायचे. कॅनन कायद्यातली सेमिनरीविषयीची कलमे. अहवाल कसा लिहायचा. मुलांच्या सुरक्षेचे कायदे. त्यात तत्त्वज्ञानाचा नवा पेपर घालू नये, मोह होतो.

उरलेले दहा महिने, म्हणजे सेमिनरीचे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष, हाताखालचे. याच तुकड्यावर आम्ही सर्वांत जास्त अडून बसणार आहोत, कारण हाच सर्वांत आधी कापला जातो. नव्या फॉर्मेटरला फक्त तीन किंवा चार ब्रदर द्यायचे, आणि दर पंधरवड्याला त्याने एका बैठकीचे ‘व्हर्बेटिम’ लिहून ज्येष्ठ फॉर्मेटरसमोर ठेवायचे. ब्रदरची आधी परवानगी घ्यायची, नाव आणि गाव काढून टाकायचे, आणि चर्चा झाल्यावर कागद फाडायचा. आध्यात्मिक मार्गदर्शनातले बोलणे यात कधीही आणायचे नाही.

व्हर्बेटिम म्हणजे आठवेल तसे शब्दशः लिहिलेले संभाषण. पानाचे तीन रकाने करायचे: तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, आणि त्या क्षणी माझ्या मनात काय आले. तिसरा रकाना बहुतेक जण पहिल्या महिन्यात कोराच सोडतात. समजा जुलै महिना आहे. ब्रदर म्हणतो, ‘काल घरी फोन केला. बाबा म्हणाले, यंदा लावणीला माणसंच मिळेनात.’ फॉर्मेटर म्हणतो, ‘देव काळजी घेईल. त्यांच्यासाठी प्रार्थना कर.’ ब्रदर म्हणतो, ‘हो फादर.’ पुढची वीस मिनिटे अभ्यासावर जातात.

कागदावर हे संभाषण निर्दोष दिसते. ज्येष्ठ फॉर्मेटरने बोट ठेवायचे ते ‘हो फादर’वर. तिथे दार बंद झाले. मुलगा शेतीची बातमी सांगत नव्हता. बाप एकटा चिखलात उभा आहे आणि मी इथे टेबलाशी बसून लॅटिन पाठ करतोय, हे ओझे तो उतरवू पाहत होता. कदाचित घरी परतायचा विचारही त्यात असेल. कदाचित नसेल. कळायला एक शब्द पुरला असता: ‘मग?’ एवढे म्हणून गप्प बसायचे. ती शांतता दहा सेकंदांची असते आणि नव्या फॉर्मेटरला ती दहा मिनिटांची वाटते. तिसऱ्या रकान्यात फादरांनी प्रामाणिकपणे लिहिले तर तिथे सापडेल: ‘माझे वडीलही असेच म्हणत.’ अशी वीस व्हर्बेटिम झाली की माणूस ऐकायला लागतो. व्याख्याने ऐकून कोणी ऐकायला शिकल्याचे आम्ही पाहिलेले नाही.

जागेचेही सांगायला हवे. बैठक टेबलाच्या दोन बाजूंना बसून घेऊ नये, कारण टेबल आले की ऑफिस आले. दोन सारख्या खुर्च्या, किंचित तिरप्या, म्हणजे ब्रदरला नजर दुसरीकडे नेता येते. दाराला काच हवी, आवाज बाहेर जाणार नाही पण माणसे दिसतील अशी. पंचेचाळीस मिनिटे, घड्याळ दोघांनाही दिसेल असे. फोन खोलीबाहेर. रात्रीच्या जेवणानंतर बैठक नको आणि फॉर्मेटरच्या झोपायच्या खोलीत तर कधीच नको.

आता ज्या चुकीने सर्वांत जास्त नुकसान होते ती. घडणीत दोन क्षेत्रे आहेत. बाहेरचे क्षेत्र, म्हणजे जे वागण्यात दिसते आणि ज्यावर रेक्टर (सेमिनरीचे प्रमुख), व्हाइस रेक्टर आणि इतर फॉर्मेटर चर्चा करू शकतात, निर्णय घेऊ शकतात. आणि आतले क्षेत्र, म्हणजे विवेकबुद्धीचे, जे पापनिवेदन आणि आध्यात्मिक मार्गदर्शन यांत उघडले जाते. कॅनन २४० चे दुसरे कलम स्पष्ट आहे: दीक्षेला प्रवेश देताना किंवा सेमिनरीतून काढताना आध्यात्मिक मार्गदर्शक आणि पापनिवेदक यांचे मत कधीही मागता येत नाही. कॅनन ९८५ म्हणते की रेक्टरने त्याच घरात राहणाऱ्या ब्रदरांचे पापनिवेदन ऐकू नये, ब्रदरने एखाद्या प्रसंगी आपणहून विनंती केली तरच ऐकावे.

नियम सर्वांना पाठ असतो. तो मोडतो कुठे, तर सभेच्या खोलीत. वर्षअखेरीची स्टाफ मीटिंग चालू आहे, एकेका ब्रदरचे नाव निघते आहे आणि आध्यात्मिक मार्गदर्शक कोपऱ्यात बसले आहेत. दहा नावांना ते चहा पीत मान हलवतात. अकराव्या नावाला कप खाली ठेवून खिडकीबाहेर बघतात. एक अक्षर बोललेले नाही, पण खोलीतल्या सगळ्यांना कळले. महिनाभरात ब्रदरांनाही कळते आणि त्यानंतर त्या घरात आध्यात्मिक मार्गदर्शन नावापुरते उरते. सगळे जण ‘प्रार्थना नीट होत नाही’ एवढेच सांगू लागतात. उपाय साधा आहे. नावे निघायच्या आधी मार्गदर्शकांनी खोलीतून उठून जायचे, दर वेळी, अपवाद न करता. एखाद्याच नावाला उठले तर ते उठणेही बोलते. मार्गदर्शकाने त्याच ब्रदरांचे पेपर तपासू नयेत हेही त्यातच आले. आणि घरात दुसरा मार्गदर्शक, बाहेरून नियमित येणारे पापनिवेदक असावेत. कॅनन २३९ आणि २४० हीच सोय सांगतात.

उलट बाजूही शिकवावी लागते. नव्या फॉर्मेटरला ब्रदर एखादी गोष्ट सांगायच्या आधी म्हणतो, ‘फादर, हे आपल्या दोघांतच.’ फॉर्मेटर बाहेरच्या क्षेत्रातला असेल तर त्याने तिथेच थांबवून सांगायला हवे की मी हे वचन देऊ शकत नाही, हे तुला मार्गदर्शक फादरांशी बोलायचे आहे का ते ठरव. हे वाक्य तोंडात बसेपर्यंत सराव करून घ्यावा लागतो, कारण विश्वास टाकला गेल्याचा आनंद मोठा असतो आणि त्या आनंदात माणूस हो म्हणून बसतो.

अहवालांविषयी. आपल्याकडे येणाऱ्या वार्षिक अहवालांत हे वाक्य आपण कितीदा वाचले असेल: ‘अभ्यासात बरा. आज्ञाधारक. थोडा अबोल. पुढील वर्षी प्रवेश द्यावा.’ तीन वर्षांच्या फायली शेजारी ठेवल्या तर तेच वाक्य तीनदा सापडते, कधी कधी शुद्धलेखनाच्या त्याच चुकीसह. यावर आपण कोणाच्या डोक्यावर दीक्षेचा हात ठेवणार? वाचता येईल असा अहवाल असा असतो: ‘जुलै ते नोव्हेंबर या काळात बारापैकी दहा रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गाला गेला. दोनदा न कळवता गैरहजर. पहिल्यांदा विचारल्यावर कारण सांगितले नाही, आठवड्याने स्वतः येऊन सांगितले. वर्गातली लहान मुले त्याला बिलगतात, मोठ्यांसमोर बोलताना आवाज थरथरतो. सप्टेंबरमध्ये हे त्याला सांगितले, त्याचे म्हणणे सोबत जोडले आहे.’ पाहिलेले, त्याला सांगितलेले, तो म्हणालेला आणि पुढे ठरलेले, या चार गोष्टी. विशेषणे शेवटी, तीही कमी. अहवाल बिशपांकडे जायच्या आधी ब्रदरने वाचावा, सही करावी, पटत नसेल तर तसे लिहावे. प्रत्येकाला आपले चांगले नाव आणि खासगीपण जपण्याचा हक्क कॅनन २२० देते. तो ब्रदरलाही आहे.

‘आज्ञाधारक’ या शब्दावर थोडे थांबू. घंटा वाजली की उठणारा, चॅपेलमध्ये पहिल्या बाकावर असणारा, कधी उलट न बोलणारा ब्रदर फॉर्मेटरला सोयीचा असतो. तो परिपक्व आहे की फक्त घाबरलेला आहे हे घंटेवरून कळत नाही. मोबाइलचेच बघा. काही घरांत फोन काढून घेऊन रविवारी तासभर देतात. परिणाम ठरलेला: जुना फोन जमा होतो, दुसरा गादीखाली राहतो. त्याऐवजी फोन हातात ठेवून महिन्यातून एकदा वापराच्या नोंदी घेऊन बसायला सांगितले तर निदान बोलायला विषय मिळतो. दीक्षेनंतर पहिल्या धर्मग्रामात फोन कोणी जमा करून घेणार नाही.

संख्येचा हिशेब आपण स्वतः करून पाहावा. एका फॉर्मेटरकडे चोवीस ब्रदर आणि प्रत्येकाची पंधरवड्याला पंचेचाळीस मिनिटांची बैठक धरली तर महिन्याला ४८ बैठका, म्हणजे ३६ तास. प्रत्येकीनंतर पंधरा मिनिटे टिपणाला, आणखी १२ तास. एकूण ४८ तास, आठवड्याला बारा. याच फादरांकडे आठवड्याला बारा तास वर्ग, सेमिनरीचे हिशेब, शेजारच्या कॉन्व्हेंटची पहाटेची मिस्सा आणि रविवारी धर्मग्रामात मदत असते. मग बैठक सत्राला एकदा होते, वीस मिनिटांत उरकते आणि अहवालात ‘थोडा अबोल’ लिहिले जाते. आठ ते दहा ब्रदरांमागे एक फॉर्मेटर, आठवड्याला सहा तासांपेक्षा जास्त शिकवणे नाही, आणि हिशेबाला वेगळा माणूस, ही आमची दुसरी मागणी.

मानसशास्त्रीय चाचण्यांबाबत आपल्याकडे दोन टोके आहेत. काही घरे चाचण्या करतच नाहीत, काही चाचणीच्या निकालावरच निर्णय घेतात. फॉर्मेटरला चाचणी घेता यायची गरज नाही. तिचा अहवाल वाचता यायला हवा. एमएमपीआय-२ या व्यक्तिमत्त्व चाचणीत ५६७ विधाने आहेत, प्रत्येकापुढे बरोबर किंवा चूक. तिची मूळ मोजपट्टी अमेरिकन लोकांवर बसवलेली आहे. घरी वारली बोलणारा, शाळेत मराठी शिकलेला मुलगा ती इंग्रजीत सोडवतो तेव्हा निम्मी चाचणी भाषेची होते. शिवाय तिच्यात स्वतःला फार चांगले दाखवणाऱ्यांना पकडणारी एक पट्टी असते. धर्मजीवनाची इच्छा असणारे उमेदवार त्या पट्टीवर सहसा वर जातात, कारण बारीकसारीक चुकाही टाळायची त्यांना शिकवण असते. हे माहीत नसलेला फॉर्मेटर ‘खोटे बोलतो’ असा अर्थ काढून मोकळा होतो. रोमच्या २००८ च्या सूचना इथे नेमक्या आहेत: उमेदवाराची आधी माहिती देऊन, मोकळेपणाने दिलेली संमती हवी. त्याने नकार दिला तर जबरदस्ती करायची नाही, हाती असलेल्या माहितीवरच पुढचा विचार करायचा. आणि मानसतज्ज्ञ हा प्रशिक्षकांच्या टीमचा सदस्य असू शकत नाही. निकालाचा कागद कोणाच्या कपाटात, किल्ली कोणाकडे, केव्हा नष्ट करायचा, हे लेखी ठरलेले घर शोधावे लागते.

भाषेचा विषय निघालाच आहे तर तो चाचणीपुरता नाही. वसईच्या कुपारी समाजातला, जालन्याचा, रायगडचा, डहाणूच्या पाड्यावरचा मुलगा सेमिनरीत येतो आणि सगळी बैठक इंग्रजीत होते. ज्या भाषेत तो रडतो त्या भाषेत त्याला कोणी विचारत नाही. ‘मोकळेपणा कमी आहे’ हा शेरा अशाच मुलांवर जास्त बसतो आणि कॉन्व्हेंट शाळेतून आलेला सफाईने बोलणारा मुलगा ‘ओपन’ ठरतो. प्रत्येक घरात निदान एक फॉर्मेटर असा हवा ज्याच्याशी ब्रदरला मराठीत किंवा कोकणीत, आणि लाज न वाटता आपल्या बोलीत, बोलता येईल.

आणि जात. गोव्यात बामण, चारडो, सुदिर हे शब्द चॅपेलमध्ये कोणी उच्चारत नाही आणि सर्वांना माहीत असतात. वसईत समाजांची आपापली नावे आहेत. मराठवाड्यातल्या आणि नगर भागातल्या दलित ख्रिस्ती मुलाला पहिल्याच आठवड्यात ‘मूळचा कुठला?’ असे विचारले जाते आणि प्रश्न गावाचा नाही हे त्याला कळते. फॉर्मेटरच्या तयारीत या विषयाला निदान दोन पूर्ण दिवस हवेत, आणि सुरुवात फादरांच्या स्वतःच्या घरातल्या लग्नांपासून व्हावी.

मायनर सेमिनरीत अठराखालची मुले असतात, तिथे पॉक्सो (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण) कायदा, २०१२ लागू आहे. कलम १९ नुसार गुन्ह्याची माहिती मिळालेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. कलम २१ नुसार संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. ‘आधी बिशपांना विचारू’ हे उत्तर कायद्यात नाही. चर्चच्या प्रक्रियेसाठी ‘वोस एस्तिस लुक्स मुंदी’ ही पोपची नियमावली आहे, २०२३ मध्ये ती कायमची झाली. दोन्ही एकाच वेळी चालतात, एकीने दुसरी थांबत नाही. पापनिवेदनाच्या मुद्रेचे, म्हणजे तिथे ऐकलेले कधीही बाहेर न सांगण्याच्या बंधनाचे काय, हा प्रश्न नवा फॉर्मेटर पहिल्या तासाला विचारतो. त्याचे उत्तर वकील आणि कॅनन कायद्याचे जाणकार यांनी एकत्र बसून त्याला द्यावे. मधल्या सुट्टीतल्या गप्पांवर ते सोडू नये.

जाणाऱ्यांविषयी थोडे. काही ब्रदर जातात, काहींना पाठवावे लागते, आणि चांगल्या घडणीत दोन्ही होणारच. वाईट पद्धत अशी: सुट्टीत मुलगा घरी असताना पत्र जाते. गावात आईला पत्राआधी बातमी कळते. योग्य पद्धतीत निदान तीन बैठका असतात, कारण लेखी असते, मुलगा सेमिनरीत असतानाच सांगितले जाते आणि स्वतः आईवडिलांशी बोलायला त्याला वेळ दिला जातो. तो पुढे दुसऱ्या सेमिनरीत अर्ज करू शकतो. तेव्हा कॅनन २४१ प्रमाणे आधीच्या प्रमुखाने कारणाचा दाखला द्यावा लागतो, आणि ‘थोडा अबोल’वाल्या फायलीतून असा दाखला निघत नाही. तत्त्वज्ञानाची दोन वर्षे केलेल्या मुलाच्या हाती विद्यापीठाची पदवी नसेल तर तो नोकरीला कुठे उभा राहणार? सेमिनरीत असतानाच मुक्त विद्यापीठातून बी.ए. पूर्ण करून घेतल्याने तेवढी तरी सोय होते.

स्त्रियांचा सहभाग. २०१६ च्या ‘रात्सिओ’त स्त्रियांच्या उपस्थितीला घडणीत स्वतःचे महत्त्व असल्याचे म्हटले आहे. आपल्याकडे ती उपस्थिती स्वयंपाकघरात आणि फार तर इंग्रजीच्या वर्गात असते. फॉर्मेटरांच्या तयारीत एक सिस्टर आणि एक विवाहित जोडपे शिकवणाऱ्यांत असावे, आणि ब्रदरांच्या मूल्यमापनात त्यांचे लेखी मत यावे. रविवारी धर्मग्रामात ब्रदर कसा वागतो हे तिथल्या महिला मंडळाला जेवढे ठाऊक असते तेवढे रेक्टरांना नसते.

शेवटी मुदत. ओरिएंटेशनचे एक, तत्त्वज्ञानाची दोन, रीजन्सीचे (प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचे) एक, ईशज्ञानाची चार, असा आठ वर्षांचा प्रवास आहे, आणि आपण फॉर्मेटर तीन वर्षांत बदलतो. त्याला काम जमू लागते त्या वर्षी त्याची बदली होते. सहा वर्षांची नेमणूक, मधे कोणत्याही कारणाने धर्मग्रामात ओढायचे नाही, एका वर्षात टीमच्या एक तृतीयांशांहून जास्त माणसे बदलायची नाहीत, आणि सहा वर्षांनंतर सहा महिने विश्रांती. दर महिन्याला बाहेरच्या सुपरव्हायजरकडे दोन तास, तेही सहाही वर्षे.

हे सगळे करायला माणसे नाहीत, असे आपण म्हणाल. खरे आहे. एखाद्या धर्मग्रामात अठरा महिने सहायक नसेल आणि लोक तक्रार करतील. तिथल्या लोकांना कारण सांगून पाहावे, की तुमचे पुढचे फादर ज्यांच्या हाताखाली तयार होणार, ते सध्या शिकायला गेले आहेत. धर्मप्रांत लहान असेल तर दोघा-तिघांनी मिळून एक नाव तयार करावे. नाशिक, वसई, पुणे आणि औरंगाबाद मिळून दर दोन वर्षांनी दोन माणसे निघाली तरी दहा वर्षांत दहा होतात.

येत्या मार्चमध्ये बदल्यांचा कच्चा मसुदा आपल्या टेबलावर येईल. त्यात यंदाच्या फॉर्मेटरच्या रकान्याखाली आणखी एक रकाना काढावा आणि अठरा महिन्यांनंतर त्या खुर्चीत कोण बसणार, त्यांचे नाव आजच लिहावे. नाव लिहिण्याआधी त्यांना फोन करून विचारावे. आणि यंदा ज्यांची नेमणूक मागे घेता येणार नाही, त्यांना जूनमध्ये चोवीसऐवजी चार ब्रदर द्यावेत, उरलेले वीस वर्षभर जुन्या टीमने वाटून घ्यावेत.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,

सेमिनरीच्या घडणकामाशी संबंधित काही फादर, सिस्टर आणि प्रापंचिक